नारळीकरांचा शोक, आणि मध्येच मल्हारराव

रामबागकर:
परवा 'सडेतोड' या नावाने एका महाशयांनी आपल्या या इंदुरी मंचावर लिहिलं. मथितार्थ असा: २० मे २०२५ ला खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार जयंत नारळीकर गेले, तेव्हापासून इंदूरचे मराठी लोक 'सूर्य मावळला', 'तारा निखळला' असलं काहीबाही टाकताहेत, आणि हे सगळं ढोंग आहे. नारळीकरांच्या कथांतली पात्रं म्हणजे गणित सोडवायला फळ्यासमोर उभी केलेली पोरं. आणि महाराष्ट्राबाहेर राहून मराठीसाठी गळे काढणाऱ्यांनी जरा आरशात बघावं.

हे शेवटचं वाचलं आणि माझे सकाळचे पोहे घशात अडकले. अहो, नारळीकर वाढले कुठे? जन्म १९३८ चा, कोल्हापूरचा. पण बालपण काशीत गेलं. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. १९५७ साली बी.एस्सी. झाले तेही तिथूनच. घरात मराठी, उंबरा ओलांडला की हिंदी. ही सदाशिव पेठेतली गोष्ट वाटते का तुम्हाला? ही इंदूरच्या रामबागेतल्या, लोकमान्यनगरातल्या घराघरातली गोष्ट आहे. आम्ही रडायचं नाही तर कुणी रडायचं?

आणि माणूस केवढा! केंब्रिजला फ्रेड हॉयल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, सत्ताविशी गाठायच्या आत पद्मभूषण मिळालं. त्यानंतर १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला गोष्ट पाठवतात, ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःचीच आद्याक्षरं उलटी केलेली. परीक्षकांनी नावाकडे बघून बक्षीस देऊ नये म्हणून! आणि पहिलं बक्षीस मिळालं. नाहीतर आमच्या इथल्या स्पर्धा. परीक्षक मावशी, विजेती भाची.

सडेतोड:
वाचता येत असेल तर पुन्हा वाचा. मी 'महाराष्ट्राबाहेर राहून' असं लिहिलंच नव्हतं. 'मराठी पुस्तक विकत न घेणाऱ्यांनी' असं लिहिलं होतं. तुम्हाला लागलं ते बरोबर जागी लागलं, म्हणून शब्द बदललेत.

आता माझं ऐका. मी सात वर्षं इथल्या एका मराठी वाचनालयाचं काम बिनपगारी पाहिलं. नाव सांगत नाही, उगाच वाद नको. कथा-कादंबऱ्यांची कपाटं उघडी असायची. विज्ञानाचं कपाट कुलूपबंद, आणि त्याची किल्ली हरवली. किती दिवसांनी कुणाच्या लक्षात आलं? दोन वर्षांनी! तेही वाळवी लागली म्हणून. त्या कपाटात नारळीकरांची पुस्तकं होती. या दोन वर्षांत एकाही सभासदाने 'काहो, नारळीकर आहेत का' असं विचारलं नाही. आज तेच सभासद डीपीला त्यांचा फोटो लावून बसलेत.

कथांबद्दलही बोलतो. शास्त्रज्ञ म्हणून ते मोठे, हे मान्य. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, सगळं मान्य. पण कथेत माणूस दिसायला हवा. तुम्हाला त्यांच्या एका तरी बाईचं पात्र आठवतं का?

सुदामानगरची सून:
सडेतोडदादा, किल्लीचं वाचून वाईट वाटलं. पण दोन वर्षं तुम्ही तरी काय केलंत? कुलूप फोडायला किती लागतात?

मी अकरावीला इंग्रजी शिकवते. सीबीएसईच्या पुस्तकात नारळीकरांची गोष्ट आहे, पानिपतावरची. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पडतात जिथे १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकलेली असते. विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाजवळून निघून जाते, आणि पुढचा सगळा इतिहास वेगळा होतो. माझ्या वर्गात दर वर्षी चार-पाच मराठी आडनावाची मुलं असतात. त्यांना ही गोष्ट मुळात मराठीतली आहे हे मी सांगेपर्यंत माहीत नसतं. एक मुलगा म्हणाला, 'मॅम, मराठी में साइंस फिक्शन भी होता है?' पुढच्या वर्षापासून मी पहिलं वाक्य तेच सांगते.

आणि पात्रात माणूस नाही म्हणता? गंगाधरपंतांना अध्यक्षपदाची चटक असते हो! ९९९ सभांचं अध्यक्षपद भूषवलेलं. त्या दुसऱ्या जगात लोकांना भाषणांचा इतका वीट आलेला असतो की सभेला अध्यक्षच नसतो. यांना रिकामी खुर्ची बघवत नाही, चढतात मंचावर, आणि टोमॅटो-अंडी खातात. परवा एका संस्थेच्या शोकसभेला गेले होते. अध्यक्षमहोदय चाळीस मिनिटं स्वतःच्या केंब्रिज सहलीबद्दल बोलले. मला राहून राहून त्या टोमॅटोंची आठवण येत होती.

ग्वाल्हेरकर:
ताई, गोष्ट छानच. पण मला विचाराल तर विश्वासरावांना वाचवायला विज्ञानकथा कशाला हवी होती? इंदूरवाले होळकर संध्याकाळपर्यंत मैदानात थांबले असते तरी काम झालं असतं. (हलकेच घ्या.)

रामबागकर:
हलकेच? तुमच्याकडे तोफांना हलकं म्हणतात का? मल्हारराव होळकरांनी पहिल्यापासून सांगितलं होतं की समोरासमोर तोफखान्याची लढाई आपली नव्हे, गनिमी कावा करा. भाऊंनी ऐकलं नाही. विश्वासराव पडल्यावर, सगळं हातातून गेल्यावर, उरलेली फौज बाहेर काढणं म्हणजे पळणं नव्हे. आणि बाहेर तर तुमचे महादजी शिंदेही पडलेच ना? पायाला जखम झालेली, राणेखान भिश्त्याने बैलावर घालून आणलं. आम्ही कधी काही बोललो का?

ग्वाल्हेरकर:
महादजी जखमी होऊन पडले होते, काका. तुमचे सुभेदार अंगावर ओरखडाही न घेता आले, फरक आहे. दत्ताजी बुराडीच्या लढाईत पडले. जनकोजी पानिपतावर हाती लागले, मारले गेले. शिंद्यांनी घर रिकामं केलं. आणि १७५७ मध्ये दिल्लीत रोहिल्यांचा सरदार नजीबखान तावडीत सापडला होता, त्याला 'धर्मपुत्र' म्हणून कुणी सोडवलं? त्याच नजीबाने अब्दालीला बोलावलं. यावर विज्ञानकथा लिहायला हवी होती नारळीकरांनी.

रामबागकर:
बस्स. माझ्या आजोबांनी होळकरांच्या दरबारात कारकुनी केली आहे. मल्हाररावांबद्दल असं बोलणाऱ्याशी मला पुढे बोलायचं नाही.

छप्पनचा भिया:
अरे काय करून राहिले तुम्ही लोकं? एक भला माणूस गेला, अन् तुम्ही पानिपत लढून राहिले. नवतपा लागला आहे, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, थंड शिकंजी प्या.

रामबागकर:
भिया, एक शेवटचं आणि मग गप्प. मल्हारराव गेले तो दिवस २० मे १७६६. नारळीकर गेले २० मे २०२५. तारीख तीच. ग्वाल्हेरकरांनी याचा विचार करावा. आणि मल्हाररावांची छत्री, म्हणजे समाधी, आहे ती आलमपूरला, भिंड जिल्ह्यात, म्हणजे तुमच्याच बाजूला. जाऊन डोकं टेकवून या.

निवृत्त मास्तर:
हे मात्र फार झालं. नारळीकरांच्या नावाच्या धाग्यावर तारखांचे योग जुळवताय? तारखा जुळतातच हो, वर्षात दिवस ३६५ आणि मरणारे अगणित.

फलज्योतिषाची चाचणी केलेला माणूस आहे तो. २०० पत्रिका, त्यांतल्या १०० हुशार मुलांच्या, १०० मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पाठवल्या आणि कुठली कुणाची ते ओळखा म्हणून सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली सुमारे ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नास आले असते.

सडेतोडांना आमच्या बाजूने एक मुद्दा भेट देतो, म्हणजे मी अंधभक्त नाही हे कळेल. विश्वाच्या बाबतीत नारळीकर शेवटपर्यंत महास्फोटाच्या विरुद्ध बाजूला राहिले. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना सापडलेलं पार्श्वप्रारण, म्हणजे अवकाशात सगळीकडून येणारं मंद प्रारण, जाहीर झाल्यावर बहुतेक जग महास्फोटाच्या बाजूला गेलं, हे गेले नाहीत. मी तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, मला त्यांचं म्हणणं कधी पटलं नाही. पण परीक्षेत पोरांना महास्फोट पाठ करून लिहिताना बघायचो तेव्हा वाटायचं, यांच्यापेक्षा तो न पटणारा माणूस बरा. त्याने निदान प्रश्न तरी विचारला होता.

स्नेहलतागंज:
मी सहसा लिहीत नाही. प्रश्नावरून आठवलं म्हणून लिहिते.

मुलं सही मागायला गेली की नारळीकर म्हणायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. हे मी नववीत असताना वाचलं होतं. १५ पैशांचं कार्ड आणलं. प्रश्न असा होता: कृष्णविवरात पडलेल्या माणसाला बाहेरचे लोक म्हातारे होताना दिसतील का? बाबांना दाखवलं. बाबांनी लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. सात चुका. मी 'क्रुष्ण' लिहिलं होतं. म्हणाले, पुण्याला जाणार आहे हे, आपली इंदुरी मराठी बघून हसतील. नवीन कार्डावर स्वच्छ लिही.

नवीन कार्ड आणलंच नाही मी. ते लाल खुणांचं अजून माझ्याकडे आहे. २० तारखेला काढून बघितलं. डीपीला फोटो मीही लावला आहे, सडेतोड. पुस्तक मात्र एकच विकत घेतलंय आजवर, त्यामुळे तुमच्या हिशेबात मी ढोंगीच.

रामबागकर:
ताई, ते कार्ड काशीत वाढलेल्या माणसाकडे जाणार होतं. तो हसला नसता हो.

सडेतोड:
ठीक आहे. स्नेहलतागंज यांना वगळून बाकीचे ढोंगी, अशी दुरुस्ती करतो. मास्तरांनाही वगळतो, कारण त्यांनी निदान विरोध तरी केला. रामबागकरांना वगळत नाही. त्यांनी बिचाऱ्या नारळीकरांना दोन परिच्छेद दिले, मल्हाररावांना तीन प्रतिसाद.

बाईच्या पात्राचं कुणी उत्तर दिलं नाही, याची नोंद घेतली आहे.

आणि सुनबाई, कुलूप मी फोडलं होतं शेवटी, माझ्याच हातोडीने. वाळवीतून वाचलेली पाच पुस्तकं माझ्या घरी आहेत. तुमच्या त्या आडनाववाल्या मुलांना वाचायची असतील तर घेऊन जा. मराठी वाचता येत असेल तर.

सुदामानगरची सून:
वाचता येत नसेल तर मी वाचून दाखवीन. शनिवारी येते.

ग्वाल्हेरकर:
एखादं ग्वाल्हेरला पाठवाल का? पंधरा दिवसांत परत करीन. घेऊन पळणार नाही.

रामबागकर:
पळण्याचा विषय तुम्ही काढू नका.