मदत हवी आहे: मे महिन्यात बालीला डायव्हिंग, दोघांचं १ लाख २० हजारात बसेल का?

नमस्कार मंडळी, मी चोपड्याची, शाळेत शिक्षिका आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला हॅवलॉकला ओपन वॉटर कोर्स (स्कूबाचा पहिला, १८ मीटरपर्यंत जाता येतं) केला, कोर्सचे चार डाइव्ह आणि नंतर दोन फन डाइव्ह, एकूण सहा, एवढाच अनुभव. पोहायला मी लहानपणी मळ्यातल्या विहिरीत पाठीला सुका भोपळा बांधून शिकले त्यामुळे पाण्याची भीती नाही, पण हवा फार लागते मला. शेवटच्या डाइव्हला माझ्या गेजवर (टाकीत किती हवा उरली ते दाखवणारं मीटर) ६० बार उरले होते तेव्हा इन्स्ट्रक्टरच्या गेजवर ११० होते, माझ्यामुळे सगळ्यांना लवकर वर यावं लागलं, ते अजून मनातून जात नाही.

आता मे च्या सुट्टीत परदेशात जायचंय. भिशीत माझा नंबर मार्चला आहे, १२ बायका, महिन्याला १० हजार, म्हणजे १ लाख २० हजार हातात येतील. मिस्टर सोबत येतायत पण ते डाइव्ह करत नाहीत.

मालदीव बघितलं, पण तिथे करंट जोराचा असतो आणि बऱ्याच लिव्हअबोर्ड (बोटीवरच राहून डाइव्ह करायचे) बोटीवाले ॲडव्हान्स्ड म्हणजे पुढच्या कोर्सचं कार्ड आणि ५० डाइव्ह मागतात. थायलंडचं सिमिलन मे च्या मध्यापासून बंद होतं, आमची सुट्टी लागून घरचं आवरेपर्यंत तेही गेलं. बालीत एप्रिलपासून कोरडा सीझन, म्हणून तिथलं किनाऱ्यावरचं गाव तुलांबेन ठरवलंय. तिथे लिबर्टी नावाचं बुडालेलं मालवाहू जहाज बघायचंय, १९४२ च्या जानेवारीत जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला, मग ते ओढत आणून किनाऱ्याला लावलं आणि १९६३ ला अगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा ते सरकून पाण्यात गेलं. किनाऱ्यापासून अगदी जवळ, ५ मीटरपासून साधारण ३० मीटरपर्यंत पसरलंय, बोटीचा खर्च नाही आणि माझ्या १८ मीटरच्या मर्यादेत भरपूर बघून होतं.

माझा हिशोब असा: मुंबई-बाली जाऊन येऊन दोघांचं तिकीट ६४ हजार, व्हिसा ऑन अरायव्हल माणशी ५ लाख रुपिया म्हणजे दोघांचे साडेपाच हजार, बालीचा टुरिस्ट टॅक्स माणशी दीड लाख रुपिया म्हणजे दोघांचे सोळाशे (लाख ऐकून मिस्टर आधी दचकलेच होते), सहा डाइव्हचे १८ हजार, सहा रात्री रूम १५ हजार, विमानतळावरून गाडी जाऊन येऊन ८ हजार, जेवण १० हजार. बेरीज १ लाख २२ हजार झाली, आणि यात जळगाव-मुंबई रेल्वे आणि इन्शुरन्स धरलेलाच नाही. अंदमानला आमच्या एजंटने सगळं धरून सांगितलं होतं आणि तिथे गेल्यावर फोटो, गाडी असं करत ७ हजार वरचे काढले, त्यामुळे यावेळी स्वतःच बुक करणार आहे.

कुठे कमी करू ते सांगा ना. डाइव्ह कमी करू की दिवस? साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये स्कूबा येतं का? आणि मला बीपीची गोळी चालू आहे, डाइव्ह सेंटरच्या मेडिकल फॉर्मवर हो लिहिलं की डॉक्टरांची सही लागते, आमच्या डॉक्टरांनी तर हा फॉर्म कधी बघितलाच नव्हता.

उत्तर (धुळेकर):

ताई, दोन वर्षांपूर्वी मी तिथेच होतो. आधी डॉक्टरांचं: फॉर्ममध्ये डॉक्टरांसाठी वेगळं पान असतं, ते प्रिंट काढून द्या आणि सही इथूनच घेऊन जा, तिथे ऐनवेळी अडलात तर डाइव्हच करू देत नाहीत. इन्शुरन्सवर पैसे वाचवू नका. साध्या पॉलिसीत बऱ्याचदा स्कूबा वगळलेलं असतं नाहीतर खोलीची अट असते, डॅनसारखा (डायव्हरांसाठीची संस्था) डायव्हिंगचा वेगळा घ्या, कारण डीकंप्रेशन चेंबरचं (पाण्यातून वर आल्यावर त्रास झाला तर उपचार करतात ती दाबाची खोली) बिल आलं तर भिशी पुरणार नाही.

डाइव्ह सहाचे पाच करा आणि पहिला रिफ्रेशरचा (उजळणीचा) ठेवा, सहा महिन्यांचा गॅप पडलाय. त्यात पट्ट्यातलं शिशाचं वजन नीट तपासून घ्या, कमरेला जास्त शिसं असलं की हवा भराभर संपते, हात मारू नका, आडवं राहा, श्वास सावकाश सोडा. रूम डाइव्ह सेंटरचीच घ्या, एकत्र घेतलं की स्वस्त पडतं. आणि तिथेच राहिलात तर सकाळी सहालाच पाण्यात उतरता येतं, नंतर दक्षिणेकडून गाड्या भरून लोक येतात. किनाऱ्यावर काळे गोटे आहेत, बूट हवेतच. तिथल्या बायका डोक्यावर टाकी ठेवून त्या गोट्यांवरून झपाझप चालतात, त्यांच्यासाठी थोडे सुट्टे रुपिया ठेवा.

शेवटच्या डाइव्हनंतर विमानाला किमान १८ तास हवेत, मी पूर्ण दिवस सोडतो. त्या दिवशी किंतामणीला डोंगरावर फिरायला जाऊ नका, डाइव्हनंतर लगेच उंचावर जाणंही विमानासारखंच धोक्याचं.

मी परत:

खूप आभार भाऊ, शेवटच्या दिवशी किंतामणीच ठरवलं होतं आम्ही! आता ते पहिल्या दिवशी घेते. पाच डाइव्ह पक्के, वाचलेले ३ हजार इन्शुरन्सला. जेवणाचं बघू, घरून बिबडे आणि चटणी नेतोय. चष्म्याचा नंबर साडेतीन आहे, नंबरचा मास्क मुंबईत कुठे बघून घेता येईल?