शब्दचर्चा: ‘केअरगिव्हर’ला मराठीत काय म्हणायचं? (आणि ‘पिअर सपोर्ट’ला?)

उंबरठा
नमस्कार मंडळी. एका बोर्डावर अडलंय. आम्ही साताऱ्यात आठ-नऊ जण महिन्यातून एकदा एका शाळेच्या वर्गात भेटतो, प्रत्येकाच्या घरी कुणाला ना कुणाला डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि भान हरपत जाण्याचा आजार आहे, कुणाची आई, कुणाचे सासरे, एकाची तर बायकोच, आणि वय फक्त ५८. औषधं वगैरे तिथे कोणी देत नाही, नुसतं बोलतो, चहा पितो, रडायचं असेल तो रडतो. आता दाराला बोर्ड लावायचाय आणि पेंटर विचारतोय काय लिहू. ‘डिमेन्शिया केअरगिव्हर्स सपोर्ट ग्रुप’ लिहिलं तर ज्यांनी यायला हवं तीच माणसं पायरीवरून परत जातील. भाषांतराच्या ॲपने दिलं ‘काळजीवाहू समर्थन गट’. समर्थन! जणू आम्ही बाहेरून पाठिंबा देतोय. सुचवा काहीतरी.

शब्दवेडा
काळजीवाहू तर मुळीच नको, ते सरकार असतं, निवडणूक झाली की जातं. तुमचं काम तसं सुटणारं नाही. पण ताई, शब्द टाकून द्यायच्या आधी ‘काळजी’कडे जरा बघा. ‘काळजी करू नकोस, काळजी घे’ हे आपण रोज फोन ठेवताना म्हणतो, एकाच वाक्यात एकच नाम दोनदा, पहिलं चिंता आणि दुसरं देखभाल. नुसतं क्रियापद बदललं की अर्थ पालटतो. आणि तिसरं क्रियापद ‘वाहणे’, तेच जे एलआयसीच्या ‘योगक्षेमं वहाम्यहम्’मध्ये आहे, म्हणजे ओझं खांद्यावर घेणं. तेव्हा काळजीवाहू शब्द मुळात नेमका होता, राजकारणाने तो पळवला.

पुणेरी_आजी
आमच्याकडे पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळात पेशंटला ‘शुभार्थी’ आणि त्याचं बघणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. मानसिक आरोग्याच्या गटांमध्येही हे शब्द चालतात, ठाण्याच्या आयपीएच या संस्थेतही ऐकलेत. मला आधी फार गोड गोड वाटले होते, पण ह्यांना ‘पेशंट’ ऐकलं की राग यायचा आणि ‘शुभार्थी’वर मात्र हसायचे, म्हणून मग मीही वापरायला लागले. तुम्ही घ्या खुशाल.

खडीसाखर
आजी, शब्द सुंदरच आहे पण हिंदी पेपरात शुभंकर म्हणजे मॅस्कॉट असतो हो. ८२ च्या एशियाडचा अप्पू हत्ती हा शुभंकर. बोर्ड वाचून लोक हत्ती बघायला येतील 😀

पुणेरी_आजी
येऊ देत की. आल्यावर चहा तर पितील.

उंबरठा
शुभंकर मला आवडला, पण तो आत आल्यावर कळणारा शब्द आहे, बाहेरच्या बोर्डावर नाही चालणार. तुम्हाला एक प्रसंग सांगते, म्हणजे मी कुठे अडलेय ते कळेल. मागच्या महिन्यात एक बाई आल्या, कोरेगावकडच्या, पहिल्यांदाच. मी फॉर्म भरत होते, विचारलं, घरी केअरगिव्हर कोण आहे? त्या म्हणाल्या, “कोण न्हाई बाई, परवडत न्हाई.” त्यांना वाटलं मी ब्युरोच्या मावशीबद्दल विचारतेय. मी पेन खाली ठेवला आणि विचारलं, मग सासूबाईंचं कोण करतं? “मीच की. अकरा वर्षं झाली.”
तेव्हा मला एकदम जाणवलं की आपल्याकडे शब्द आहे, फक्त तो नाम नाहीये. ‘आईचं कोण करतं’, ‘त्यांचं सगळं मीच करते’, ‘घरात करणारं माणूस नाही’. षष्ठी आणि करणे. आंघोळ, जेवण, डायपर, रात्री दोनला दार उघडून बाहेर पडले की मागे पळणं, काय करते ते सांगायचंच नाही, नुसतं ‘करते’. पण नाम नसल्यामुळे फॉर्ममध्ये रकाना भरायला गेलं की ‘गृहिणी’ लिहितात.

शब्दवेडा
हे भारी आहे. अजून ‘उस्तवार’ आणि ‘उसाभर’ आहेत, पण उसाभरमध्ये थोडी कुरकुर येते (‘एवढी उसाभर कोण करणार’) आणि उस्तवार आता गाईम्हशींची नाहीतर बागेची. ‘शुश्रूषा’ मात्र बघा, मूळ धातू श्रु, ऐकणे. शुश्रूषा म्हणजे आधी ऐकायची इच्छा, त्यावरून आज्ञा ऐकणं, त्यावरून सेवा, आणि शेवटी आजाऱ्याची सेवा. ऐकणं मात्र वाटेत कुठेतरी गळून पडलं.

निवांत
मध्येच एक बाळबोध प्रश्न. नुसतं भेटून बोलून खरंच काही फरक पडतो का? पेशंट तर आहे तसाच राहणार ना? टोमणा नाहीये, माझ्या मामेबहिणीला पाठवायचंय, ती म्हणते वेळ कुठाय.

खडीसाखर
पेशंट बरा होत नाही, बरोबर. पण न्यू यॉर्क विद्यापीठाचा एक गाजलेला अभ्यास आहे, ४०६ जणांचा, सगळे अल्झायमर झालेल्या जोडीदाराचं करणारे. अर्ध्यांना नेहमीची मदत आणि अर्ध्यांना समुपदेशन, सपोर्ट ग्रुप आणि अडलं की फोन करायची सोय. २००६ साली निष्कर्ष आला की दुसऱ्या गटातले पेशंट साधारण ५५७ दिवस जास्त घरी राहिले, म्हणजे दीड वर्ष. आणि त्याचं मोठं कारण पेशंटमध्ये नव्हतं, करणाऱ्यात होतं, त्यांना माणसांचा आधार पुरेसा वाटत होता, उदासी कमी झाली होती आणि पेशंटच्या वागण्याचा त्रास कमी वाटत होता. आपल्याकडे २०२३ च्या एका अंदाजानुसार साठीपुढचे ८८ लाख लोक डिमेन्शियाचे आहेत. त्यांचं करणारे किती ते मनात गुणून बघा. एआरडीएसआय ही डिमेन्शियासाठीची संस्था १९९२ पासून काम करते, पण तालुक्याच्या गावात शाळेचा वर्ग आणि चहा एवढंच असतं, आणि तेवढंही पुष्कळ ठिकाणी नसतं.

निवांत
धन्यवाद, हे तिला जसंच्या तसं पाठवतो.

शब्दवेडा
आता दुसरा अर्धा भाग, पिअर सपोर्ट. सरकारी कागदात कधी कधी ‘समवयस्क गट’ दिसतो, तो इथे साफ चूक आहे, कारण पिअर म्हणजे वयाने सारखा नाही तर परिस्थितीने सारखा. उंबरठाताईंच्या गटात ३० ची सून आणि ७५ चा नवरा शेजारी बसत असणार. ‘समदुःखी’ अचूक आहे पण रडका आहे. संस्कृतात ‘समानशीलव्यसनेषु सख्यम्’ आहे आणि त्यात व्यसन म्हणजे दारू नव्हे तर संकट, ज्यांचा स्वभाव आणि संकट सारखं त्यांची मैत्री होते. मजा म्हणजे आज ज्याला आपण व्यसन म्हणतो तिथेच हे गट आपल्याकडे चांगले रुजले. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ चं, आणि तिथे व्यसनी माणसांच्या बायकांचा जो गट आहे त्याचं नाव ‘सहचरी’. असा साधा, घरातला शब्द सापडायला पाहिजे.

पेन्शनर
मी इथे फारसं लिहित नाही, वाचतो. मी मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षं होतो, हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. तुम्ही ज्याला पिअर म्हणताय त्याला आमच्यात ‘बडी’ म्हणतात. पहाऱ्यावर बडी, पेट्रोलिंगला बडी, एकाने झोपायचं दुसऱ्याने जागायचं. तो आवडतो का नाही हा प्रश्न नसतो, तो तुझा बडी आहे म्हणजे आहे.
माझा बडी आता शेजारच्या गावात असतो. तीन वर्षं झाली, डोकं गेलंय त्याचं. पहाटे चारला उठून वळकटी घट्ट बांधतो आणि रोल कॉलला उभा राहतो, वहिनी ओढत घरात आणते तर तिच्यावर ओरडतो. दर गुरुवारी बाजाराच्या दिवशी मी जातो. गेल्या गेल्या मी त्याचा फौजेतला नंबर विचारतो, तो अख्खा नंबर खणखणीत सांगतो, पोराचं नाव नाही सांगत. मग आम्ही बसतो, तो तेच तेच सांगतो, बर्फात चप्पल हरवली होती ती गोष्ट, मी दर वेळी हसतो, खरंच हसतो कारण गोष्ट चांगलीय. तेवढ्या दोन तासात वहिनी बाजार करून येते. एकदा म्हणाली, भावजी आज मी बाजार केलाच नाही, एसटी स्टँडवर बसून उसाचा रस प्याले दोन ग्लास. मी म्हटलं बरं केलंत.

उंबरठा
काका, वहिनींना आमच्याकडे पाठवाल का? कितीही लांब असू दे, कोणीतरी गाडी घेऊन येईल.

पेन्शनर
विचारतो. पण ती म्हणेल ह्यांना कोण बघणार. पहिल्या वेळी मी बसेन त्याच्यापाशी.

खडीसाखर
काकांच्या पोस्टवरून आठवलं, अमेरिकेत व्हिएतनामहून परत आलेल्या सैनिकांनी १९७० मध्ये न्यू यॉर्कमध्ये आपापले गट सुरू केले, त्यांना ‘रॅप ग्रुप’ म्हणायचे. गाण्याचा रॅप नाही हां, तेव्हाच्या बोलीत रॅप म्हणजे मोकळ्या गप्पा. डॉक्टर असायचे पण बाकीच्यांसारखेच वर्तुळात बसायचे. पीटीएसडी (युद्धासारख्या आघातानंतर मनाला जडणारा आजार) हा शब्द अमेरिकेच्या अधिकृत निदानांच्या यादीत आला तोच १९८० साली, म्हणजे गप्पा आधी आणि आजाराचं नाव दहा वर्षांनी. तिथल्या सरकारची व्हेट सेंटरं, म्हणजे वेटरन सैनिकांसाठीची केंद्रं, १९७९ ची, तीही अशाच गप्पांवर उभी राहिली.

निवांत
व्हेट म्हटलं की आमच्याकडे जनावरांचा दवाखाना. वेटरनला मराठीत काय?

शब्दवेडा
माजी सैनिक, सरकारी आणि बोली दोन्हीत. ‘माजी’ अरबीतून फारसीमार्गे आलाय, अर्थ ‘गेलेला काळ’. माजाचा काही संबंध नाही, तरी पुढाऱ्यांना जोडला की संशय येतो.

पेन्शनर
माजी चालतं कागदावर. पण सैनिक माजी होतो का? लष्कराचे पहिले भारतीय प्रमुख करिअप्पासाहेब १४ जानेवारी १९५३ ला निवृत्त झाले म्हणून त्या तारखेला आमचा, माजी सैनिकांचा दिवस पाळतात. संक्रांत असते, तीळगूळ खाऊन जातो आम्ही. तिथे भाषणं होतात, सत्कार होतो, पण रात्री झोप लागते का हे कुणी विचारत नाही. ते बडीच विचारतो, तेही बाहेर चहाच्या गाडीवर, आणि विचारतो ते असं की “काय रे, झोपतोस का न्हाई?” एवढंच. आजाराचं नाव काढलं तर माणूस उठून जाईल.

पुणेरी_आजी
आजाराचंच आलं म्हणून. ‘म्हातारचळ’ कृपा करून नको. ‘साठी बुद्धी नाठी’ही नको. माझ्या जावेला शेजारणीने तोंडावर म्हटलं होतं, चळ लागलाय म्हातारीला, आणि जाऊ वर्षभर कुणाकडे गेली नाही.

शब्दवेडा
स्मृतिभ्रंश आहे ना, गीतेतला. ‘स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशो’. फक्त तिथे तो रागाचा परिणाम आहे, मेंदूचा आजार नाही. आणि पेंटरला सांगा, समासात ‘ति’ ऱ्हस्व. एकटी स्मृती दीर्घ, जोडून आली की ऱ्हस्व.

उंबरठा
मंडळी, बोर्ड ठरला. वर मोठ्या अक्षरात “घरच्यांचं करणाऱ्यांसाठी” आणि खाली बारीक “स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया), पहिला शनिवार, दुपारी ४, चहा आहे”. काका, ‘बडी’ बोर्डावर नाही घेतला, पण नवीन माणूस आला की जुन्यातलं एक जण त्याचा बडी, हे कालच ठरवलं. फोन कधीही करायचा, रात्री दोनला सुद्धा.

खडीसाखर
‘करणाऱ्यांसाठी’ वाचून कुणी करणी उतरवायला आलं तर?

उंबरठा
पेंटरने तेच विचारलं 😀 म्हणून ‘घरच्यांचं’ जरा मोठं काढायला सांगितलंय. आणि त्याने ‘ति’ दीर्घच काढली. आता तशीच राहील.

शब्दवेडा
राहू द्या.

पेन्शनर
वहिनी शनिवारी येतेय. साडेतीनची एसटी. स्टँडवर कुणीतरी थांबा, तिला शाळा माहीत नाही.