नांदुर्कीच्या बोन्सायची कुंडी थंडीत बदलावी का?

प्रश्न (पुणे):
दिवाळीत मला नांदुर्कीचे बोन्साय भेट मिळाले. हे माझे पहिलेच. झाड वीतभर उंच असून आठ इंचांच्या उथळ कुंडीत आहे. मी ते दिवाणखान्यात ठेवून रोज सकाळी वाटीभर पाणी घालते. डिसेंबर लागल्यापासून खालची पाने पिवळी पडून गळत आहेत, पाणी वरच साचून राहते आणि कुंडीच्या भोकांतून मुळे बाहेर आली आहेत. कुंडी लगेच बदलावी का? मुळे छाटण्याची मला फार धास्ती वाटते.

प्रतिसाद १ (नाशिक):
कृपया आत्ता मुळांना हात लावू नका. नांदुर्की ही वड-पिंपळाच्या कुळातली, उष्णतेत वाढणारी. थंडीत तिची वाढ मंदावते आणि कापलेली मुळे लवकर भरून येत नाहीत. फेब्रुवारीच्या अखेरीस नवे कोंब दिसू लागले की हे काम करा. तोपर्यंत झाड सकाळचे ऊन येणाऱ्या गॅलरीत ठेवा, कारण दिवाणखान्यातला उजेड त्याला पुरत नाही. रोजचे ठरलेले पाणीही बंद करा. बोट पेरभर खुपसून माती कोरडी लागली तरच कुंडी दहा मिनिटे पाण्याच्या टबात ठेवा आणि नंतर पूर्ण निथळू द्या. पाने गळण्यामागे जागा बदलणे हेही कारण असू शकते, पण साचलेल्या पाण्याने मुळे कुजण्याचा धोका अधिक गंभीर आहे.

प्रतिसाद २ (पुणे):
वरील सल्ल्याशी सहमत आहे. मातीबद्दल सांगतो, कारण माझे पहिले झाड मी नुसत्या काळ्या मातीत लावून गमावले. ती ओली झाली की चिकट होते, वाळली की आक्रसून भेगाळते, आणि उथळ कुंडीत मुळांना हवाच मिळत नाही. विटांचे तीन-चार मिलिमीटरचे तुकडे दोन भाग, जाड वाळू एक भाग आणि चाळलेले कंपोस्ट एक भाग घ्या; विटांची बारीक पूड मात्र चाळून टाका, नाहीतर तीच भोके बुजवते. भोकांवर जाळी बसवा आणि झाड हलू नये म्हणून तारेने कुंडीला बांधा. लाकडी काडीने मुळे बाहेरून आत हळूहळू मोकळी करा, गोल फिरलेली लांब मुळे कापा, पण पहिल्या खेपेस एक तृतीयांशाहून अधिक छाटू नका. कापल्यावर पांढरा चीक येईल, त्याने घाबरू नका. या साऱ्या वेळात मुळांवर पाणी फवारत राहा, कारण बारीक मुळे उघड्यावर फार लवकर सुकतात. नंतर दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा आणि महिनाभर खत देऊ नका.

प्रतिसाद ३ (रत्नागिरी):
आमच्याकडे मी हे काम जूनमध्ये करते. दमट हवेत पाने कमी सुकतात. मात्र नवी छाटलेली झाडे कोकणातल्या संततधारेत उघडी ठेवता येत नाहीत, ती पागोळ्यांपासून दूर, पडवीत ठेवावी लागतात.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. झाड आजच पूर्वेच्या गॅलरीत हलवले आहे. भोकांतून आलेली मुळे तोपर्यंत कापावीत का?

प्रतिसाद २:
नाही, तशीच राहू द्या. फेब्रुवारीत कुंडीतून झाड काढताना ती अडकली तर तेवढीच कापा, ओढू नका.