लडाखमध्ये आठ दिवस: ज्येष्ठांसोबत निसर्ग पाहायचा असल्यास काय ठेवावे, काय वगळावे?

धरमपेठकर
नमस्कार. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू होण्याच्या सुमारास आईबाबांना घेऊन नागपूरहून आठ दिवस लडाखला जाण्याचा विचार आहे. बाबा ६८ वर्षांचे आहेत, आई ६४ वर्षांची. मठ आणि बाजार यांत दोघांनाही फारसा रस नाही. बाबांना खडकांची, तर आईला पक्ष्यांची हौस आहे. एका प्रवासी कंपनीने लेह, नुब्रा, पँगाँग, त्सो मोरिरी आणि हानले असा भरगच्च कार्यक्रम दिला असून, विमानातून उतरल्या दिवशीच दुपारी स्थळदर्शन ठेवले आहे. हे झेपेल का? काही वगळायचे झाल्यास काय वगळावे?

काळा पाषाण
भूवैज्ञानिक म्हणून नोकरीनिमित्त मी लडाखमध्ये तीन उन्हाळे काढले आहेत, म्हणून स्पष्टच सांगतो: या कार्यक्रमात आपल्या आईबाबांचे बहुतेक दिवस गाडीतच जातील. नागपूरची उंची जेमतेम ३१० मीटर आणि लेहची सुमारे ३,५०० मीटर. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. त्यामुळे पहिले दोन दिवस लेहमध्ये विश्रांतीच घ्यावी, आणि दोघांच्या प्रकृतीविषयी व औषधांविषयी निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

तिसऱ्या दिवशी सिंधूच्या काठाने पश्चिमेकडे उतरावे. निम्मूजवळ झंस्कार आणि सिंधू यांचा संगम रस्त्यावरूनच दिसतो. पुढे, लेहपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, लामायुरूची पिवळसर, सुरकुतलेली माती आहे. तेथे एके काळी तलाव होता. तो आटल्यावर उघडा पडलेला गाळ वारा आणि पाणी यांनी असा कोरून काढला आहे. बाबांना मात्र मी संपूर्ण वाटेवर नदीच्या दोन्ही बाजू पाहत राहण्यास सांगेन. उत्तरेला राखाडी ग्रॅनाइटी डोंगर आहेत, तर दक्षिणेला जांभळट-हिरव्या गाळाच्या खडकांचे तिरके झालेले थर. आपला नागपूरचा सीताबर्डीचा किल्ला ज्या काळ्या दगडावर उभा आहे, त्याचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहत होता, तेव्हा भारतीय भूखंड अजून उत्तरेकडे सरकतच होता आणि मध्ये टेथिस समुद्र होता. त्या समुद्राचा तळ आशियाखाली घुसत गेल्याने वितळलेल्या खडकापासून हा ग्रॅनाइट बनला, आणि पुढे दोन भूखंड जेथे सांधले गेले, त्या सांध्याच्या कडेनेच आज सिंधू वाहते. वाटेतल्या ‘मॅग्नेटिक हिल’ला दहा मिनिटे पुरेत. तेथे गाडी आपोआप चढावर जाते असे भासते, पण तो केवळ दृष्टिभ्रम आहे. मुक्काम आल्चीला करावा, कारण ते लेहपेक्षा खाली आहे.

पाणपक्षी
वरील मताशी सहमत. आईंसाठी मी पँगाँग वगळून त्सो कार आणि त्सो मोरिरी ही सरोवरे सुचवेन. पँगाँग सुंदर आहे यात वाद नाही, परंतु सुमारे १३४ किलोमीटर लांबीच्या त्या खाऱ्या सरोवराचा साधारण एक-तृतीयांश भागच आपल्याकडे आहे, आणि ज्या काठावर पर्यटक उतरतात तेथे गर्दीच फार असते. हिवाळ्यात विदर्भातल्या तलावांवर येणारे पट्टकादंब, ज्यांच्या डोक्यामागे दोन काळे पट्टे असतात, ते उन्हाळ्यात त्सो मोरिरीच्या परिसरात घरटी करतात. काळ्या मानेचा क्रौंचही तेथे व त्सो कारला दिसतो, आणि मोकळ्या माळावर कियांग, म्हणजे तिबेटी रानगाढवे, चरताना आढळतात. घरट्यांच्या जवळ मात्र जाऊ नये. जमिनीवर अंडी घालणाऱ्या या पक्ष्यांना भटक्या कुत्र्यांचा त्रास आधीच पुष्कळ आहे.

त्सो मोरिरी ४,५०० मीटरच्या वर आहे, म्हणून रात्री सरोवराकाठच्या कोरझोकला राहू नये. सिंधूकाठच्या चुमाथांगला दोन रात्री काढून दिवसा सरोवर पाहून यावे. परतताना पुगा खोऱ्यात थांबल्यास जमिनीतून निघणारी वाफ, गंधकाचा पिवळेपणा आणि टाकणखाराची (बोरॅक्सची) पांढरी पुटे पाहता येतात. पुढे त्सो कार करून तागलांग ला (‘ला’ म्हणजे खिंड) मार्गे लेहला पोहोचता येते.

रातराणी
नुब्रा सरसकट वगळू नये, असे माझे मत आहे. नुब्रातल्या हुंदरचे वाळूचे टेकाड सुमारे ३,१०० मीटरवर आहे, त्यामुळे तेथे झोप चांगली लागते. तेथले दोन वशिंडांचे उंट हा मध्य आशियाशी चालणाऱ्या जुन्या व्यापाराचा अवशेष आहे.

काळा पाषाण
झोप लागते हे खरे, परंतु तेथे पोहोचण्यासाठी जाताना आणि येतानाही ५,३०० मीटरहून उंच खारदुंग ला ओलांडावी लागते. तागलांग लाही तेवढीच उंच आहे, पण ती सातव्या दिवशी, शरीर रुळल्यावर आणि एकदाच येते. आठ दिवसांत दोन्ही बाजू साधणार नाहीत.

धरमपेठकर
सर्वांचे आभार. नुब्रा आणि पँगाँग वगळले. हानले वगळण्यास मात्र मन होत नाही. २०२२ मध्ये तेथे तारे पाहण्यासाठी गडद आकाशाचे राखीव क्षेत्र घोषित झाल्याचे वाचल्यापासून बाबा अमावास्येच्या तारखा पाहत बसले आहेत.

पाणपक्षी
हानलेला रात्रीच जागायचे असते, आणि तेही ४,००० मीटरहून अधिक उंचीवर, थंडीत. या खेपेस चुमाथांगला जेवण झाल्यावर अंगणातले दिवे मालवून घ्या. त्या रात्री चंद्र नसला, तर आकाशगंगा तेथूनही दिसेल.