मदत हवी आहे: १९८९ च्या व्यापारी संकुलाची गच्ची, जुना कोबा फोडायचा की वरून आणखी एक थर द्यायचा?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीत आमचं तळमजला अधिक दोन मजल्यांचं कॉम्प्लेक्स आहे. २२ गाळे, वर साधारण चार हजार चौरस फुटांची सपाट गच्ची. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे थेट स्लॅबखाली.

ऑगस्टमध्ये एका सकाळी शटर वर केलं तर काउंटरवर परातीएवढा ढलपा पडलेला. स्टुलावर चढून पाहिलं, सळई उघडी पडली होती आणि नखाने खरवडलं तरी गंजाचे पापुद्रे सुटत होते. आदल्या संध्याकाळी त्याच जागी शाळेतली दोन पोरं उभी होती. तेव्हापासून झोप लागत नाही.

मूळ वॉटरप्रूफिंग ब्रिकबॅट कोब्याचं, म्हणजे स्लॅबवर सिमेंटमध्ये बसवलेल्या विटांच्या तुकड्यांचा थर. २००४ मध्ये त्यावरच चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) केलं, २०१५ मध्ये त्यावर सिमेंटचा थर आणि पांढरं कोटिंग. जुनं काहीच काढलं नाही. दर वेळी तीन-चार पावसाळे बरे गेले, मग पुन्हा गळती. गेल्या आठवड्यात टाकीजवळ हातभर जागा फोडून पाहिली. स्लॅबवर सात इंच जाडी निघाली आणि तळातले विटांचे तुकडे अजून ओले! पाऊस जाऊन तीन आठवडे झालेत. पाऊस नसतानाही छताला टिपूस का धरतो, ते तेव्हा कळलं.

इंजिनिअरच्या हिशोबाने हे ओझं चौरस मीटरला साडेतीनशे किलोच्या आसपास जातं. माणसांच्या वावरासाठी गच्चीवर १५० किलो धरतात. मूळ कोबा डिझाइनमध्ये धरलेला असेल, नंतरचे थर कोणी धरणार? त्यांचं म्हणणं, सगळं स्लॅबपर्यंत काढा, सळया घासून गंजरोधक लावा, पॉलिमर मॉर्टरने कव्हर (सळयांवरचा काँक्रीटचा थर) भरा, मग शंभरास एक ढाळ देऊन डांबरी मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पातळ थर) टाका. मला ते पटतं.

सभेत मात्र बहुतेकांना पुन्हा कोटिंगच हवंय, कारण स्वस्त. काही जण पत्र्याची शेड म्हणतात. पण निसर्ग आणि तौक्ते वादळांत कोकणात किती पत्रे उडाले ते आपण पाहिलंय, आणि शेडचे खांब याच गंजलेल्या स्लॅबमध्ये रोवायचे का?

कोणी चालू दुकानांवरचा कोबा फोडून घेतलाय का? ब्रेकर लावला की छिन्नी-हातोडीने काढला? आमचा स्लॅब हातोडीने ठोकला तर चार-पाच ठिकाणी बद्द वाजतो, म्हणजे तिथे आतून सुटलाय, त्यामुळे हादऱ्यांची भीती वाटते. खाली टेकू किती दिवस ठेवावे लागले? राडारोडा गच्चीवर ढीग न करता रोज उतरवायचा, एवढं आमचं ठरलंय. एसीची आउटडोअर युनिटं आणि टाक्यांमुळे वर माणसांची ये-जा असते, तर मेम्ब्रेनवर संरक्षक थर कसला दिलात? पॅरापेटच्या (कठड्याच्या) कडेचा वाटा, म्हणजे कठडा आणि गच्ची मिळतात तिथली गोलाई, आणि पाइपांची तोंडं कशी बंद केलीत, तेही सांगा. आमच्याकडे पाणी तिथूनच जास्त शिरतं.

आणखी एक. तळमजल्यावाले म्हणतात, गळतं तुमच्याकडे, खर्च तुम्ही करा. गच्ची सगळ्यांची आहे, स्लॅब खचला तर इमारतही सगळ्यांचीच जाईल. तुमच्याकडे खर्चाची वाटणी गाळ्यागणिक केली की क्षेत्रफळावर?

पुढच्या रविवारी सभा आहे. काम मेअखेर संपायलाच हवं, त्यामुळे त्याआधी अनुभव कळले तर मला तिथे नीट मांडता येतील. फोडकामाचे फोटो असतील तर जरूर टाका.