धावपट्टी वाढवली की धुक्यात विमान उतरेल का?

कट्टेकरी: आमच्या जिल्ह्याच्या विमानतळाची धावपट्टी 1,900 वरून 2,500 मीटर करा म्हणून निवेदनं चालू आहेत. थंडीत सकाळचं विमान सारखं रद्द होतं, त्यावर हाच उपाय असं सगळे सांगतात. लांबीनं खरंच फरक पडतो का? आणि नाईट लँडिंगला दिव्यांपलीकडे काय लागतं? जाणकारांनी सांगावं.

उंबरठा_27: धुक्याला लांबीचा काही उपयोग नाही. लांबी ठरते विमानाच्या वजनावर. एटीआर 72 या छोट्या पंख्याच्या विमानाला समुद्रसपाटीला 1,300-1,400 मीटर पुरतात, उन्हाळ्यात आणि उंचावर थोडे जास्त. 2,500 हवेत ते भरलेली एअरबस 320, म्हणजे मोठं जेट, न्यायची असेल तर.

तुमचं दुखणं परवान्याचं दिसतंय. विमानतळ फक्त व्हीएफआर असेल तर वैमानिकानं बाहेर बघून उतरायचं, आणि त्याला 5 किलोमीटर दृश्यमानता लागते. 2019 च्या नोव्हेंबरात शिर्डीची विमानं बंद पडली ती यामुळेच. धावपट्टी तेव्हाही 2,500 मीटरच होती! निवेदनात आयएफआर मागा, म्हणजे उपकरणांच्या आधारे उतरायची परवानगी.

मोजपट्टी: आयएफआर मागा, पण त्यालाही जमीन लागते हे धरून चाला. ती टोकाला नाही, बाजूला. उपकरणांच्या आधारे उतरायचं तर धावपट्टीभोवतीची मोकळी स्ट्रिप 280 मीटर रुंद हवी, म्हणजे मध्यरेषेपासून दोन्हीकडे 140. व्हीएफआरला साधारण निम्म्यात भागतं. जुन्या विमानतळांवर गाडी इथेच अडते: कुंपण, नाला, नाहीतर गावाचा रस्ता त्या 140 मीटरच्या आत येतो.

दुसरी अडचण उंचीची. उतरण्याच्या मार्गाखाली बांधकामाच्या उंचीची मर्यादा उंबरठ्यापलीकडे (म्हणजे धावपट्टीच्या उतरायच्या टोकापलीकडे) 60 मीटरवर सुरू होते आणि 50 मीटरला 1 मीटर चढते. म्हणजे 1 किलोमीटरवर जेमतेम 19 मीटर. पाण्याची टाकी किंवा मोबाइल टॉवर सहज आडवा येतो. सोलापुरात साखर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पाडली तेव्हा कुठे मार्ग मोकळा झाला.

गगनविहारी: आयएलएस, म्हणजे विमानाला रेडिओ लहरींनी धावपट्टीवर आणणारी जमिनीवरची यंत्रणा, बसवलीच पाहिजे असं मात्र नाही. 28 एप्रिल 2022 ला इंडिगोच्या एटीआरनं राजस्थानातल्या किशनगडला आपल्या ‘गगन’ उपग्रह प्रणालीवर उतरून दाखवलं. विमानात तसा रिसीव्हर हवा, स्ट्रिपची अट कायम.

नाईट लँडिंगचं म्हणाल तर रात्री व्हीएफआर चालतच नाही, सूर्यास्तानंतर 20 मिनिटांनी खेळ संपला. त्यामुळे आयएफआर नसताना नुसते दिवे लावणं म्हणजे उद्घाटनापुरता खर्च. कडेचे दिवे जास्तीत जास्त 60 मीटर अंतरानं, म्हणजे 1,900 मीटरला दोन्ही कडांचे मिळून 65 च्या आसपास. शिवाय उतरण्याचा कोन बरोबर आहे का ते दाखवणारे पापी (PAPI) दिवे, आणि वीज गेल्यावर 15 सेकंदांत भार घेणारा जनरेटर. एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) आणि अग्निशमनाची दुसरी पाळी निवेदनात कुणी लिहीत नाही, खरी रखडपट्टी तिथेच होते.

उंबरठा_27: अग्निशमनाचं बरं काढलंत. एटीआरला श्रेणी 5 पुरते, एअरबस 320 ला श्रेणी 6. बी दर्जाच्या फोमसाठी पाणी 5,400 वरून 7,900 लिटरवर जातं. धावपट्टी वाढवून बंब तेवढेच ठेवले तर मोठं विमान येणार नाही.

कट्टेकरी: म्हणजे निवेदन नव्यानं लिहायचं. आमच्या स्ट्रिपची रुंदी कुठे कळेल?

मोजपट्टी: विमानतळ प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ई-एआयपी, म्हणजे विमानतळांची अधिकृत माहिती-पुस्तिका, आहे, तिथे तुमच्या विमानतळाचं पान उघडा. त्यातल्या एडी 2.2 या भागामध्ये व्हीएफआर की आयएफआर, 2.6 मध्ये अग्निशमन श्रेणी, 2.10 मध्ये अडथळे, 2.12 मध्ये स्ट्रिपची मापं. आधी 2.12 बघा. तिथे 280 असेल तर जमिनीचं काम झालंय, मग मागणी फक्त उतरण्याच्या पद्धतीची आणि दिव्यांची करा.