मदत हवी आहे: तारा लावण्यासाठी हिरडी उघडून हाडाची पावडर भरायची म्हणतात, खरंच गरज असते का?

सुमेधा_क: खालचे पुढचे दात दाटीवाटीने वाकडे आहेत. ऑर्थोच्या (दात सरळ करणाऱ्या) डॉक्टरांनी हिरडीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते म्हणतात हिरडी उघडायची, हाडाला चिरा द्यायच्या, पावडर भरायची, मग तारा ओढायच्या. बुधवारची तारीख दिलीय. नुसत्या तारांनी का होत नाही? कृपया लवकर सांगा.

दंतचर्चा: वय? सिगारेट-तंबाखू? शुगर? सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) काढलाय का? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

सुमेधा_क: वय ५२. तंबाखू नाही, शुगर नाही. स्कॅनमध्ये खालच्या चार दातांना ओठाच्या बाजूने हाड जवळजवळ नाहीच म्हणाले. हिरडीपण पातळ आहे.

मुळाक्षर: मग गरज आहे. दाटीतले दात सरळ करताना पुढे झुकतात. बाहेरची भिंत नसेल तर मूळ हाडाबाहेर जातं आणि हिरडी उतरते. पावडर ती भिंत जाड करायला. चिरा दोन मुळांच्या मध्ये, उभ्या, हाडाच्या कडेच्या २-३ मिमी अलीकडे थांबवलेल्या, आणि जेमतेम कठीण थर ओलांडतील एवढ्याच खोल. त्याने हाड ४ ते ६ महिने मऊ राहतं, दात भराभर सरकतात. म्हणून ब्रॅकेट (तार अडकवायला दातांवर चिकटवतात ते) आठवडाभर आधी लावतात, शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांच्या आत तार ओढायला घेतात आणि दर दोन आठवड्यांनी बघतात. ऑर्थोची वेळ महिन्याने मिळणार असेल तर हा काळ फुकट जातो. हे आधी ठरवा.

पिएझोप्रेमी: एवढं उघडायचं कशाला? पिएझोसिजन करा. हिरडीला छोट्या उभ्या चिरा, त्यातूनच पिएझोच्या (सूक्ष्म कंपनांनी कापणाऱ्या यंत्राच्या) टोकाने हाड कापायचं. सूज कमी, टाके कमी.

मुळाक्षर: दाट दातांत मुळं एकमेकांना खेटलेली असतात, न उघडता कापलं तर मुळाला लागू शकतं. आणि छोट्या चिरेतून हिरडीखाली केलेल्या बोगद्यातून पावडर चार दातांवर सारखी बसवणं अवघड. नुसता वेग हवा असता तर चाललं असतं. इथे हाड हवंय.

रिटेनर_विसरू_नका: तारा निघाल्यावर आतून फिक्स्ड रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारी चिकटवलेली बारीक तार) कायमचा ठेवा, नाहीतर खालचे दात परत गर्दी करतात.

सुमेधा_क: ते नंतर बघू. पावडर कसली असते?

दंतचर्चा: माणसाच्या दान केलेल्या हाडाची (मुंबईत टाटा मेमोरियलच्या टिश्यू बँकेत तयार होते, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेली) किंवा गाईच्या हाडाची. चालत नसेल तर आत्ताच सांगा, संमतीपत्रात लिहून घ्या. दुखल्यावर आयबुप्रोफेन नको, हाड मऊ होण्याची क्रिया त्याने मंदावू शकते. पॅरासिटामॉल चालतं का ते विचारा. रोजच्या गोळ्या कोणत्या?

सुमेधा_क: रोजची फक्त बीपीची, ती फॉर्मवर लिहिलीय. हाडं ठिसूळ झालीत त्याची अ‍ॅलेन्ड्रोनेट आहे, पण ती रविवारीच घेते.

मुळाक्षर: बुधवारची तारीख पुढे ढकला! ही गोळी हाडाची झीज थांबवते, आणि ही सगळी पद्धत हाड झिजून परत भरण्यावरच चालते. दात नीट सरकणार नाहीत, शिवाय जखम न भरता जबड्याचं हाड उघडं पडण्याचा धोका. नुसत्या तारांनासुद्धा ही गोळी आडवी येते. स्वतःहून बंद करू नका. गोळी देणारे, हिरडीचे आणि ऑर्थोचे, तिन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू दे. किती वर्षं घेताय?

सुमेधा_क: चार वर्षं झाली. उद्या सकाळीच दवाखान्यात फोन करते.